शेजारी बसलेलं मूल

ठसा रंगाच्या तबकात टेकवायचा, कापडावर नेमक्या जागी ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर मुठीचा एक ठोका द्यायचा. ठोका जोरात बसला तर रंग रेघेबाहेर पसरतो, हलका पडला तर पाकळी अर्धीच उमटते. बाग गावातल्या छपाईच्या कारखान्यात दिवसभर हाच आवाज चाललेला असतो. थप्, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा थप्. छापणारा माणूस पट्टी लावत नाही, खुणा करत नाही. आधीच्या फुलाच्या कडेला पुढचं फूल तो डोळ्यांनीच जुळवत जातो.

त्याच्या टेबलाच्या टोकाशी, वाळत घातलेल्या कापडांच्या सावलीत आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला आहे. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला, दोन्ही हातांत मोबाईल. आवाज बंद आहे, कारण मघाशी बापाने तसं बजावलं. अंगठा वर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. मधूनच बापाचा ठोका आणि मुलाच्या अंगठ्याचं सरकणं एकाच वेळी होतं. दोघांमध्ये अंतर चार हातांचं असेल.

मराठी माणसाला ‘बाग’ म्हटलं की फुलझाडं आठवतात. हे गाव मात्र वाघावरून नाव मिळालेलं आहे असं सांगतात, आणि शेजारून वाहणाऱ्या नदीचं नावही बाघिनी. मध्य प्रदेशातल्या धारपासून शंभरेक किलोमीटरवर, विंध्याच्या दक्षिण उतारावर ते वसलं आहे. मूळची सिंधमधली खत्री कुटुंबं मारवाडमार्गे मनावर या गावी आली आणि तिथून १९६२ च्या सुमारास बागला येऊन राहिली, ती या नदीच्या पाण्यासाठी. कापड आधी खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात तुडवायचं, वाळवायचं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं, छापायचं, काही दिवस तसंच ठेवायचं, वाहत्या नदीत धुवायचं आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात आलिझरिन आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळायचं. लोखंडाच्या क्षाराची रेघ काळी होते. तुरटीची रेघ छापताना फिकट असते, तिचा लाल रंग उगवतो तो भट्टीतच. म्हणजे टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला अजून न दिसलेला रंग छापायचा असतो.

हे शिकवायचं कसं? शिकवत नाहीतच. मूल आधी नदीवर जातं, ओलं कापड उचलायला लागतं. मग वाळत घालायला, मग भट्टीत लाकडं सारायला. दुपारी टेबलापाशी बसून राहतं. हात कुठे थांबतो, ठसा उचलताना मनगट कसं वळतं, तबकात रंग कधी दाट झाला हे कुणी सांगत नाही. ते बघून बघून अंगात उतरतं. सोनार, कुंभार, गवई, भटजी, सगळ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. आजीच्या सुपाशेजारी बसून तांदूळ निवडणाऱ्या नातीला खड्याबरोबर घराण्याच्या चार गोष्टीही सापडत. त्या गोष्टी तिला मुद्दाम बोलावून सांगायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. ती शेजारी होती, एवढंच.

भिंतीला टेकलेला तो मुलगाही शेजारीच आहे.

त्याच्या हातातला फोन बापाचा आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच फोनवर दिल्ली-मुंबईच्या दुकानांच्या ऑर्डरी येतात, नव्या नक्षीचे फोटो जातात, पैसे जमा झाल्याचा संदेश येतो. बापाने दिवसातून पन्नास वेळा तो हातात घेतलेला मुलाने पाहिला आहे. ठोका देताना मनगट कसं वळतं हे त्याने जसं पाहिलं, तसंच फोन वाजला की हातातलं काम टाकून माणूस कसा वळतो हेही पाहिलं. मूल शेजारी बसून सगळंच शिकतं, त्यात निवड करत नाही.

आणि याच बागच्या आसपासच्या डोंगरांत, फलियांमध्ये म्हणजे वस्त्यांमध्ये, हाच फोन आणखी वेगळी वस्तू होतो. धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यातली भिल्ल-भिलाला कुटुंबं मोठ्या संख्येने गुजरातेत मजुरीला जातात. कुणी शेतीच्या कामावर, कुणी बांधकामावर. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. मागे राहिलेल्या पोराला रात्री आईचा आवाज ऐकू येतो तो फोनच्या स्पीकरवरून. फोन खाटेवर मधोमध ठेवलेला, भोवती तीन-चार माणसं. जेवलास का, बकरी व्याली का, पाऊस झाला का. अशा घरापुढे उभं राहून कुणी ‘मोबाईलने नाती तोडली’ म्हणू लागला तर त्याला ते वाक्य गिळावं लागेल.

दूरच्या माणसाला जवळ ठेवायची धडपड या भागाला नवी नाही. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी सचिव म्हणून राहिला होता. तो आईला आणि घरच्यांना पत्रं लिहायचा. राजवाडा, गोकुळाष्टमीचा उत्सव, माणसं, सगळं बारकाईने. ती पत्रं बोटीने जायची, पोचायला आठवडे लागायचे. पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक निघालं ते मुख्यतः याच पत्रांतून. आज देवासची आजी पुण्यातल्या नातवाला व्हिडिओवर रोज बघते. नातू तिला दात पडल्याचं दाखवतो. ती स्क्रीनच्या इतकी जवळ येते की पलीकडे फक्त तिचं कपाळ दिसतं, आणि नातू हसतो. रोज दिसणारं हे कपाळ केवढं मोठं सुख आहे.

बागजवळ जुनी लेणी आहेत. तिकडे येणाऱ्या गाड्यांत इंदूर-धारकडची मराठी कुटुंबं असतात. होळकर-पवारांबरोबर माळव्यात आलेली ही घरं, अडीचशे-पावणेतीनशे वर्षं इथे मुरलेली. घरात मराठी, दारात हिंदी, आणि रागावल्यावर दोन्ही. अशीच एक गाडी. पुढे आई-बाबा, मागे आजी, तिच्या एका बाजूला कानांत इअरफोन घातलेली चौदा-पंधरा वर्षांची नात, दुसऱ्या बाजूला टॅबवर गाड्यांची शर्यत खेळणारा नातू. टांड्याच्या पुढे रस्ता डोंगरातून वळू लागतो, पळस आणि ताड दिसायला लागतात. आजी म्हणते, “अगं बाई, मोर! तो बघ, तो बघ, बांधावर.” नातू “हं” म्हणतो आणि वळण घेतो, टॅबवरचं. नात ऐकतच नाही. आई पुढून म्हणते, “कुठे?” पण ती फोनवर नकाशा बघत असल्यामुळे तोवर बांध मागे पडलेला असतो. आजी मान वळवून काचेतून मागे बघत राहते. मग हळूच, स्वतःशीच म्हणते, “केवढा मोठा पिसारा होता.”

गाडीत कुणी कुणाला दुखावलेलं नाही. पण आजीने ‘तो बघ’ म्हटलं तेव्हा तिला मोर दाखवायचा होता तेवढंच नसणार. आपल्याबरोबर कुणीतरी तो बघावा, हे होतं.

माणसाचं पोर बोलायला लागायच्या आधीच हे करतं. वर्षाच्या आसपासचं मूल चिमणीकडे, पंख्याकडे, चांदोबाकडे बोट करतं, आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे बघतं. तिनेही पाहिलं ना, ही खात्री करून घेतं. तिने “हो रे, चिऊ!” म्हटलं की त्याचं काम झालं. भाषा इथूनच सुरू होते. वस्तू, मूल आणि मोठं माणूस असा तिघांचा तो त्रिकोण असतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग सांगितल्याप्रमाणे ती काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. समोरच बसलेली, पण हसत नाही, उत्तर देत नाही. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर अंग मागे टाकतं, तोंड फिरवतं, रडू लागतं. तेव्हा स्मार्टफोनचं नावही नव्हतं. पण रात्री बिछान्यात, एका कुशीवर वळून, स्क्रीनच्या उजेडात न हलणारे आई-बापांचे चेहरे आज घराघरांत मुलं बघतात, आणि हा जुना प्रयोग आठवल्यावाचून राहत नाही. मुलांच्या मोबाईलबद्दल एवढं बोललं जातं. आपल्या चेहऱ्याबद्दल त्या मानाने फारच कमी.

लेण्यांपाशी गाडी थांबते. मूळच्या नऊ गुहा, आज पाच धड उरलेल्या. लोकांनी ठेवलेली नावं मोठी गमतीची आहेत. कुठली पांडवांची गुंफा, कुठली हाथीखाना, चौथीचं नाव रंगमहाल आणि पाचवीचं पाठशाळा. उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, आणि तो वेळ आजकाल कुणाकडे नसतो. फोनचे टॉर्च लागतात, पांढरा झोत खांबांवरून धावतो, फोटो निघतो. नातू विचारतो, “आजी, चित्रं कुठायत?”

चित्रं इथे फारशी उरलेलीच नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वीची ती भित्तिचित्रं ओलीने आणि धुराने खराब होत गेली. जी वाचली ती १९८२ मध्ये भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. त्याच्या खूप आधी, बाग ग्वाल्हेर संस्थानात होतं तेव्हा, संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी या लेण्यांसाठी जिवाचं रान केलं. १९२१ मध्ये शांतिनिकेतनचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर प्रती काढायला इथे आले. तेव्हा हा भाग रानाचा होता. फिकटलेली एकेक रेघ शोधायची, डोळे ताणून खात्री करायची, मग कागदावर उतरवायची. अशा भिंतीसमोर दिवसच्या दिवस बसलं की माणसाला काय काय दिसू लागत असेल!

त्या चित्रमालिकेत सुरुवातीलाच दोन बायका आहेत. एकीने तोंड हाताने झाकून घेतलं आहे, ती रडते आहे. दुसरी तिच्याजवळ बसून तिचं ऐकते आहे. कुठली कथा, कुणाचं दुःख, याचा निश्चित उलगडा झालेला नाही.

गुहेत रेंज नसते. पायऱ्यांवर आल्यावर ती परतते आणि नातीचा फोन चार वेळा थरथरतो. ती संदेश वाचते, दोघांना उत्तर देते. मग काय मनात येतं कोण जाणे, ती ‘बाग गुहा चित्रं’ असं शोधते. जुन्या प्रतींचे फोटो उघडतात. ती पायरीवर बसलेल्या आजीपाशी येऊन बसते, एक इअरफोन काढते. “आजी, ही बघ. हीच ना ती? ही का रडतेय?” आजी चष्मा लावते. दोघींची डोकी त्या तळहाताएवढ्या काचेवर वाकतात. “काय माहीत गं,” आजी म्हणते, “पण ती दुसरी बघ ना, काही बोलत नाहीये, नुसती ऐकतेय.” नात चित्र दोन बोटांनी मोठं करते. आजीचं बोट स्क्रीनला लागतं आणि चित्र निसटून पुढे जातं. “अगं आजी!” आणि दोघी हसतात.

स्क्रीनभोवती माणसं पूर्वीही जमली आहेत. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा धारच्या-देवासच्या वाड्यांतसुद्धा टीव्ही मोजक्याच घरांत होते. रविवारी सकाळी त्या घराच्या उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडायचा. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर म्हातारी माणसं, दारात उभी कामवाली मावशी, खिडकीत लोंबकळणारी दोन टगी. कुणी तरी मधेच प्रश्न विचारायचं, कुणी दटावायचं, एखाद्या आजीच्या डोळ्यांना पदर लागायचा आणि मुलं टीव्ही सोडून तिच्याकडे बघायची. त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. त्या पेटीपुढेही मुलं अभ्यास विसरत होतीच. पण काय पाहिलं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आज एका घरात चार माणसं चार गोष्टी बघतात, आणि जेवायला बसल्यावर कुणी कशाला हसला हे दुसऱ्याला कळत नाही.

मुलांच्या हातात फोन मोठ्यांनीच दिला, तोही नाइलाजाने. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मध्य प्रदेश सरकारने त्याच वर्षी ६ जुलैपासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ नावाची मोहीम सुरू केली. तिची कल्पना ऐकताना आजही बरं वाटतं. सकाळी दहा वाजता घरातल्या कुणी तरी थाळी किंवा घंटा वाजवायची, की घरातली शाळा भरली. घरातल्या कोपऱ्यात अभ्यास, आणि संध्याकाळी घरच्या वडीलधाऱ्यांनी गोष्टी सांगायच्या. अभ्यासाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येणार, हा दुसरा भाग. फोन घरात एकच असायचा, तोही बाप कामावर जाताना घेऊन जायचा. काही घरांत केवळ शाळेसाठी फोन विकत घेतला गेला. पुढे शाळा उघडल्या. थाळी परत स्वयंपाकघरात गेली, फोन मुलांपाशीच राहिला. ग्रामीण भागात शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के.

यावर महाराष्ट्रातल्या एका गावाने केलेला उपाय पुष्कळांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तीन हजारांच्या आसपास वस्तीचं. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. सुरुवातीला लोक हसले. सातची वेळ म्हणजे मालिकांची वेळ. तरी हळूहळू जमलं. मुलं वही-पुस्तक घेऊन बसू लागली, मोठी माणसं ओट्यावर येऊन बोलू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने दुसरी वाट धरली. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी, असा ठराव केला. दोन्हींमागे कळकळ एकच होती. तरीही वडगावचा भोंगा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो आजोबांनाही लागू आहे. ज्या घरात बाप सात वाजता आपला फोन कपाटात ठेवतो, त्या घरात मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. तो शेजारी बसलेलाच असतो.

आणि सातची वेळ तरी काय नेमकी निवडली! दिवेलागणीची. देवापुढे निरांजन लावून मुलांना ओळीने बसवून शुभंकरोती आणि पाढे म्हणून घ्यायची, परवच्याची ही वेळ. ठराव करताना ते कुणाच्या मनात होतं की नाही, कोण जाणे. जुनी सवय माणसांच्या अंगात कुठे तरी तशीच पडून राहिली असावी.

चौदा-पंधराच्या मुलांची गोष्ट मात्र अशी सात ते साडेआठमध्ये मावत नाही. त्या वयात मुलाला घरापासून थोडं दूर व्हायचंच असतं. पूर्वी त्यासाठी गच्ची होती, नदीचा घाट होता, मैत्रिणीच्या घरची माडी होती. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घरात पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचा कोपरा मिळतो तो फोनच्या आतच. तिथे ती कुणाशी बोलते, कशाने रडते, कुणाच्या फोटोशेजारी स्वतःला ठेवून बघते, हे आईला कळत नाही, आणि न कळल्याची भीती वाटते. भीतीपोटी आई फोन हिसकावते, मुलगी आणखी आत जाते. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई करणारा कायदा केला, तो डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. जगभरची सरकारं त्याकडे डोळे लावून आहेत. कायदा दार बंद करू शकेलही. बंद दाराबाहेर मुलीला भेटायला कोण बसलेलं असेल, हे मात्र प्रत्येक घराला आपापलं बघावं लागेल.

बागला होळीच्या आधी भगोरिया भरतो. आठवडी बाजाराच्या दिवशी डोंगरातून ढोल, मांदळ, बासऱ्या घेऊन टोळ्या उतरतात. मुली एकसारख्या रंगाच्या साड्यांत, चांदीचे दागिने अंगभर. आता बाहेरून येणारे पुष्कळ लोक फोन उंच धरूनच आत शिरतात, परवानगी न विचारता मुलींची चित्रं घेतात, आणि ती संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे पोचतात. हे खटकतं, फार खटकतं. त्याच गर्दीत आदिवासी पोरंही एकमेकांचं चित्रण करत असतात. पण ढोल अगदी जवळ आला की फोन कमरेला खोचला जातो. हात मोकळे लागतात ना.

आणि कानही मोकळे लागतात. देवासला माताजीच्या टेकडीजवळ कुमार गंधर्वांचं घर आहे. १९४८ च्या सुरुवातीला, चोवीस वर्षांचं वयही पुरं झालेलं नसताना, क्षयाने ग्रासलेले कुमार कोरड्या हवेसाठी इथे आले. गायला बंदी होती. पुढची सुमारे पाच वर्षं त्यांनी बहुतेक अंथरुणावर काढली, आणि पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ज्याचं सगळं आयुष्य गळ्यात होतं, त्याच्यापाशी आता फक्त कान उरले. रस्त्यावरून, शेजारपाजारातून बायकांची माळवी गाणी ऐकू यायची. लग्नाची, सणाची, जत्रेला जातानाची. ती ते ऐकत राहिले. पुढे त्यांनी अशी शेकडो लोकगीतं जमवली, आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. धुनउगम राग त्यांना म्हणतात.

आजारपणाची तुलना कुणी मुलांच्या सुटीशी करणार नाही. पण ‘आई, मला कंटाळा आलाय’ हे वाक्य उन्हाळ्याच्या दुपारी मराठी घरांतून केवढ्या वेळा ऐकू यायचं, आणि आता किती क्वचित येतं! जमिनीवर उताणं पडून छताच्या तुळया मोजणारं मूल त्या दुपारी काय काय ऐकायचं. माजघरात आई आणि मावशी हलक्या आवाजात बोलताहेत, आजोबा झोपेत कुणाचं तरी नाव घेताहेत, रस्त्यावर कल्हईवाला ओरडतोय. घरातल्या अर्ध्या गोष्टी मुलांना अशाच कळल्या, मोठ्यांना वाटायचं ती झोपली आहेत. कंटाळा यायच्या आत आता हाताशी काही तरी असतं. माजघरातली कुजबुज चालूच असेल. ऐकणाऱ्याच्या कानांत मात्र इअरफोन आहे.

बागला दिवस कलला की कारखान्यात ठोक्यांमधली शांतता लांबत जाते. उजेड कमी झाला की कडा जुळत नाहीत, म्हणून छपाई थांबते. बाप ठसे पालथे घालून ब्रशने घासतो, ओळीने ठेवतो. बाहेर दोरीवर दुपारपासून वाळत असलेली साडी उतरवायची आहे. साडेपाच मीटरची घडी एकट्याने होत नाही, पदर मातीला लागतो.

“बेटा, ये पल्ला पकड़ना ज़रा.”

पहिल्या हाकेला मुलगा हलत नाही. दुसऱ्या हाकेला उठतो, मोबाईल भिंतीच्या कट्ट्यावर ठेवतो, पँटला हात पुसतो. दोन टोकं दोघांच्या हातांत. बाप कापडाला झटका देतो, लाल-काळी वेल मधोमध फुगते आणि खाली बसते. मुलगा नक्षीकडे बघतो. कुठे तरी एक पाकळी जराशी सरकलेली आहे, त्याच्या नजरेने ती बरोबर टिपली आहे, पण तो बोलत नाही, फक्त बापाकडे बघतो. बापाला ठाऊक आहे. मग दोघं कडेला कड लावत एकमेकांकडे चालत येतात, टोकं जुळवतात, पुन्हा मागे जातात.

कट्ट्यावरचा फोन उजळतो आणि दगडावर थरथरू लागतो. दोघंही तिकडे बघतात. हात दोघांचेही गुंतलेले आहेत.